डावा पाय

“पण फादर, डावाच का?”

फादर पास्कू बंगल्याच्या ओसरीत पाटावर बसून पितळी घंगाळ घासत होते. त्यांनी मान वर केली नाही. चिंचेचा एक गोळा माझ्यापुढे सरकवला.

“घास,” म्हणाले.

मी समोरच्या बुटक्या स्टुलावर बसलो आणि घासू लागलो. आलो होतो भांडायला, लागलो भांडं घासायला.

पवित्र आठवड्यातला बुधवार होता. दुपारचे तीन. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, पाय धुण्याचा विधी. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून आमच्या टाकळीच्या चर्चमध्ये फादर दर वर्षी बारा जणांचे पाय धुतात. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात. दर माणशी एक पाय, आणि तो उजवा. माझ्या जन्माच्या आधीपासून उजवा.

या वर्षी पहिली खुर्ची माझी होती.

मी शांतवन साळवे. साळवे फुटवेअर, बाजारपेठ, टाकळी. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. एकतीस वर्षं लोकांच्या पायाशी बसून चपला विकतोय. माझे वडील आठवडे बाजारात लिंबाखाली बसून तुटक्या वहाणा शिवायचे. त्यांनी अख्ख्या गावाचे पाय हातात घेतले, त्यांचा पाय कुणी हातात घेतला नाही. बारा जणांच्या यादीत त्यांचं नाव कधी लागलं नाही.

म्हणून या वर्षी उपवासकाळाच्या सुरुवातीला चर्चच्या फळ्यावर यादी लागली आणि सगळ्यांत वर माझं नाव दिसलं, तेव्हा मी परत येऊन दुकान अर्धा तास बंद ठेवलं. गिऱ्हाईक दारात उभं असताना. व्यापारी माणसाला याहून मोठा आनंद दाखवता येत नाही.

तयारी तर अशी केली की खुद्द बिशप आले असते तरी खाली मान घालावी लागली नसती. बाराही जणांना भेट म्हणून चामड्याच्या सँडल, स्वतः कारागिराच्या मांडीला मांडी लावून बनवलेल्या. बारा पांढरे टॉवेल. माझे जावई एलिया कॅमेऱ्याचं काम करतात, त्यांच्याकडून मोबाइलवर थेट प्रक्षेपण. पुण्याची बहीण आणि मस्कतचा मेहुणा, दोघेही फोन भिंतीला टेकवून बसणार होते. सोमवारी तालीम झाली. तीसुद्धा मीच मागून घेतली होती.

तालीम संपता संपता फादर सहज बोलल्यासारखं बोलले, “या वर्षी डावा पाय धुणार आहे.”

झालं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

कारण तुम्हाला सांगून टाकतो. माझ्या डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, पाच आठवडे जखम होती. भरत नव्हती. वास येऊ लागला होता. आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती... बायकोलाही नाही.

“फादर, चाल आहे ती,” मी म्हणालो. “उजव्याची.”

“कुठं लिहिलंय?”

“लिहिलेलं नसेल. पण तुमच्या आधीच्या फादरांनी उजवा धुतला. त्यांच्या आधी जर्मन फादर होते, त्यांनीही उजवाच.”

“का, ते विचारलंस त्यांना?”

“ते वारले ना.”

“हं... म्हणून मला विचारतोस.” फादर घंगाळात बघत म्हणाले. “बरं केलंस. मी अजून आहे.”

फादर पास्कू रुमाव मूळचे वसईचे. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचं प्रवचन पाच मिनिटांत संपतं आणि लोक घरी जाऊन त्यावर तासभर वाद घालतात. मला ते एरवी ‘शांतवन’ म्हणतात. मी फार मिजाशीत आलो की ‘शेठ’ म्हणतात.

“शेठ,” ते म्हणाले, “सोमवारी तालमीत काय पाहिलंस?”

“शिस्त पाहिली, फादर. पहिल्यांदाच सगळे वेळेवर आले.”

“मी पाय पाहिले.”

“तेही छान होते.”

“फार छान होते. बारा उजवे पाय. घासलेले, नखं कापलेली, वर क्रीम लावलेलं. थोरातांच्या पौलसच्या टाचेत मला माझा चेहरा दिसत होता.”

मला हसू आलं. पौलसची बायको ब्यूटी पार्लर चालवते. तिने त्याचा एक पाय दीड तास कोमट पाण्यात बुडवून ठेवला होता, हे साऱ्या टाकळीला माहीत होतं. एकच पाय. दुसऱ्याला तिला वेळ नव्हता, नवरीचा मेकअप होता.

“पाय धुवून घ्यायचे म्हणून सगळे पाय धुऊन आले,” फादर म्हणाले. “मग मी काय करू?”

“असं कसं म्हणता? मळका पाय घेऊन वेदीपुढे कसं बसायचं? तुमच्या हातात द्यायचा असतो तो.”

फादर तसेच घासत राहिले.

मला वाटलं, मुद्दा बसला. मी पुढे रेटला. “आणि तुम्ही तर आधीच जाहीर करून टाकलंत. आता उद्या अकराच्या अकरा जण डावा घासून येतील.”

“येऊ देत.”

“मग?”

“मग उजवा मागेन.”

“तो तर घासलेलाच असेल, फादर.”

“नसेल. माणूस एका वेळी एकाच पायाची तयारी करतो.” मग त्यांचा हात थांबला. “अकरा का? तुम्ही बारा आहात ना?”

माझ्या हातातली चिंच खाली पडली.

“बाराच,” मी म्हणालो. “अकरा नि मी.”

“बरं.”

घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. बाहेर कंपाउंडमध्ये बायका खुर्च्या पुसत होत्या. बंगल्यामागे कुणीतरी उद्याच्या गाण्याची पेटी लावून बघत होतं, एकच सूर, पुन्हा पुन्हा. सगळ्या आवारात लग्नघरासारखी गडबड होती. मला त्या गडबडीत असायचं होतं. माझं जिथं तिथं काम होतं. आणि मी इथं एका पायावर घासाघीस करत बसलो होतो.

घासाघीस म्हटल्यावर मला जोर आला. तो तर माझा धंदा.

“फादर, मधला मार्ग काढू. बाकीच्यांचा डावा, माझा उजवा. पहिली खुर्ची जुन्या पद्धतीची, जुन्या लोकांना बरं वाटेल. नंतरच्या नव्या पद्धतीच्या. दोन्ही बाजू खूश.”

“का?”

“कॅमेरा उजव्या अंगाला लावलाय.”

“एलिया म्हणाला कॅमेऱ्याला तीन पाय आहेत. तो हलेल.”

“माझा उजवा जरा... लाभतो मला. दुकानात शिरताना आधी उजवाच टाकतो.”

“हे कुठल्या प्रवचनात शिकलास?”

तेही चाललं नाही. मग शेवटचा डाव टाकला. गिऱ्हाईक ऐकतच नसलं की व्यापारी म्हणतो, राहू द्या, नाही विकायचं. तसा.

“मग मला नकाच घेऊ, फादर. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवा. मी मागे टॉवेल घेऊन उभा राहीन. सेवाच आहे ती पण.”

बोलून गेलो. वडिलांची वहाणा शिवणारी बोटं आठवली. पण खरं सांगतो, त्या क्षणी खुर्ची गेली तरी चालेल असं वाटलं. डाव्या पायातला तो मोजा साऱ्या टाकळीसमोर उतरायला नको होता. पायांचा जाणकार म्हणून माझं नाव आहे. कुणाची टाच फुटली, कुणाला कुरूप झालं, आधी माझ्याकडे येतात, मग डॉक्टरकडे. शुगरवाल्या गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगतो, रोज आरशात तळवा बघत जा, तुम्हाला दुखणार नाही, पण आत पोखरेल. माझी स्वतःची शुगर नऊ वर्षांची. आणि चपला बघायला दुकानात जो तिरपा आरसा ठेवलाय, त्यात पाच आठवडे शटर ओढायच्या आधी मी माझाच तळवा बघत होतो. रोज जरा जास्त काळा.

हळद लावली. पावडर लावली. दोन-दोन मोजे घातले. वरून गुलाबाचं अत्तर. मोजे मीच धुवायला लागलो, तर बायको म्हणाली, “अहो, एकतीस वर्षांत पहिल्यांदा मोजे धुताय. यंदा उपवासकाळ चांगलाच अंगी लागला म्हणायचा.” तिने शेजारच्या सलोमीबाईंनाही सांगितलं. सलोमीबाईंनी त्यांच्या नवऱ्याला सुनावलं. दोन गल्ल्यांत माझ्या प्रायश्चित्ताचं कौतुक चाललं होतं.

आता अशा माणसाने मोजा काढायचा कसा?

फादरांनी घंगाळ उलटं केलं आणि बूड माझ्याकडे फिरवलं. तिथे हिरवट डाग होते.

“हे पण घास.”

“बूड कोण बघतंय, फादर?”

“पाणी तिथूनच गळायला लागतं.”

मी बूड घासायला घेतलं. फादरांनी हात धुतले, भिंतीला पाठ टेकली.

“दुकानातली एखादी गोष्ट सांग,” म्हणाले. “तुझ्या गोष्टी मला आवडतात.”

मला कुणी असं म्हटलं की माझा सगळा राग जातो. आणि त्या दिवशी तर विषय बदलतोय याचाच आनंद.

“एक आहेत बघा फादर, निवृत्त तलाठी. नाव नाही सांगत. अकरा वर्षं माझ्याकडून बूट घेतात. आले की म्हणतात, सात नंबर काढ. पाय आहे साडेआठचा. मी सात घालून देतो, ते उभे राहतात, चेहरा लालबुंद. मी म्हणतो, काका, घट्ट होतोय. ते म्हणतात, नाही रे, आज पाय सुजलाय. अकरा वर्षं पाय सुजलाय त्यांचा. का, तर लग्नात सात नंबर होता.”

फादर हसले. पोट हलेपर्यंत हसले.

“मग तू काय करतोस?”

“आधी देत होतो सात. गिऱ्हाईक आहे, आपल्याला काय. मग एकदा त्यांचं नख निघालेलं पाहिलं. तेव्हापासून नियमच केला. कुणी कितीही मोठा असो, नंबर विचारायचाच नाही. माझं ठरलेलं वाक्य आहे.”

“माहीत आहे मला. मलाही म्हणाला होतास. दोन वर्षांपूर्वी.”

होतोच म्हणालो. फादर चपला घ्यायला आले होते आणि पाय झग्याखाली ओढून घेत होते. करंगळीला नख नव्हतं, टाचा भेगाळलेल्या. संकोच वाटत होता त्यांना. मी स्टूल ओढलं आणि सगळ्यांना म्हणतो तेच म्हणालो.

“काय म्हणाला होतास?” फादरांनी विचारलं.

“तेच आपलं... बसा. मोजा काढा. पाय पाहिल्याशिवाय मी माप सांगत नाही.”

फादर उठले. पाट उचलला. माझ्यापुढे आणून ठेवला आणि त्यावर बसले... माझ्या पायाशी. अगदी मी बसतो तसे. एक गुडघा वर, एक खाली.

“बसा, शेठ,” ते म्हणाले. “मोजा काढा.”

मी बसलेलाच होतो. पण खुर्चीवरून पडावं तसं वाटलं.

“फादर, उद्या आहे ना विधी.”

“पाय पाहिल्याशिवाय मी माप सांगत नाही.”

माझाच आवाज. माझाच ठेका. एकतीस वर्षांत हजारो लोकांना मी हे म्हटलं असेल, आणि पहिल्यांदा कळलं की समोरच्याला ते ऐकताना कसं वाटतं.

“तुम्हाला... कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. सोमवारी तू उजवा पाय असा पुढे केलास जसं काही बक्षीस घ्यायचंय. डावा खुर्चीखाली गुंडाळून ठेवलास. आणि चपलांच्या व्यापाऱ्याच्या पायाला गुलाबाचा वास... मी म्हातारा आहे, माझं नाक नाही.”

पेटीचा सूर थांबला होता. कुठेतरी खुर्ची घसटल्याचा आवाज झाला.

मी वाकलो. वरचा मोजा काढला. मग आतला. आतला चिकटला होता.

गुलाबाचा वास गेला आणि दुसरा वास आला.

फादरांनी पाय हातात घेतला. तोंड फिरवलं नाही. जवळ नेऊन पाहिला, सोनार दागिना पाहतो तसा. कितीतरी वेळ पाहिला. मी त्यांच्या डोक्यावरचे पांढरे विरळ केस बघत होतो, कारण दुसरं काही बघवत नव्हतं.

“कशाने झालं?”

“चूक,” मी म्हणालो.

आमच्या धंद्यात चपलेत ठोकायच्या बारीक खिळ्याला चूक म्हणतात. वडील एक गोष्ट कायम सांगायचे. चुका ठोकून झाल्या की आतून बोट फिरवायचं, टोक वर आलेलं असेल तर बोटाला कळतं. मी ते अख्खं आयुष्य करत आलो. पण उद्याच्या बारा जोड्यांतला पहिला जोड हातात आला, तेव्हा आनंदाच्या भरात बोट फिरवलंच नाही. घातला आणि दिवसभर मिरवला. शुगरने तळवा बधिर झालेला. संध्याकाळी दुकानाच्या फरशीवर लाल ठसे दिसले. मला वाटलं कुणी गिऱ्हाईक पान थुंकून गेलं. शिव्यासुद्धा घातल्या.

“चूक कधी लागली?” फादरांनी विचारलं.

“पाच आठवडे झाले.”

“कळली कधी?”

“त्याच संध्याकाळी.”

“काढलीस?”

“चपलेतली काढली. बाकीच्या अकरा जोड्यांतही बोट फिरवलं. एकाही जोडात नव्हती.”

“आणि सांगितलीस कधी?”

मी काढलेला मोजा मुठीत गोळा केला.

“...आत्ता,” मी म्हणालो.

फादरांनी मान हलवली. त्यांनी घंगाळाला हात लावला नाही, त्यात चिंचेचा राडा होता. ते आत गेले आणि पिण्याच्या माठातलं पाणी तांब्यात घेऊन आले. हळूहळू ओतलं. दुसऱ्या हाताने माझा घोटा धरला होता. पाणी ओसरीवरून वाहत अंगणात गेलं.

मग त्यांनी ओसरीत आणून ठेवलेल्या माझ्याच गठ्ठ्यातला एक पांढरा टॉवेल ओढला.

“फादर, तो उद्याचा आहे.”

“तुझा पाय आजचा आहे.”

टॉवेलवर पिवळा-तांबडा डाग पडला. मी रडत होतो की काय, आठवत नाही. एवढं आठवतं की माझ्या मनात आलं, अकराच टॉवेल राहिले, आणि हे मनात आलं याची मला लाज वाटली.

“उद्या, फादर? खुर्ची?”

“आता खुर्ची नाही. आता जीप.”

जीप फादरांनी स्वतः चालवली. वाटेत दुकानापाशी थांबून बायकोला घेतलं. सुवार्ता मागे बसली, माझ्या पायाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “मोजे धुत होते म्हणे... प्रायश्चित्त करत होते म्हणे.” दवाखाना येईपर्यंत दुसरा शब्द बोलली नाही. तो पाऊण तास मला पाच आठवड्यांपेक्षा जड गेला.

डॉक्टरबाईंनी पाय पाहून आधी मला पाहिलं.

“काय करता तुम्ही?”

“चपलांचं दुकान आहे.”

त्यांनी नर्सकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. मग म्हणाल्या, आणखी आठ दिवस घरी बसला असता तर घोट्यापासून काढावा लागला असता.

गुरुवारी सकाळी अंगठा काढला. पाय राहिला.

गुरुवारी संध्याकाळी मी खाटेवर पडून मोबाइलवर विधी पाहिला. एलियाने कॅमेरा डावीकडे हलवला होता. खुर्च्या बाराच मांडल्या होत्या. पहिली रिकामी. फादर त्या रिकाम्या खुर्चीपुढेही गुडघ्यावर बसले, इतरांपुढे बसले तेवढाच वेळ. मग एकेक डावा पाय. पौलसचा डावा आता उजव्यासारखा चमकत होता. मला वाटलं फादर आता उजवा मागणार... पण त्यांनी मागितला नाही.

ते मला भेटायला आले पुनरुत्थानाच्या सणानंतर, सोमवारी सकाळी. हातात दोन संत्री. सुवार्ता डबा आणायला गेली होती. मी त्यांची वाटच बघत होतो, कारण सांगायचं किती साठलं होतं.

“जय ख्रिस्त, फादर. बसा, बसा. ऐका आधी.”

ते बसले.

“फादर, तुम्ही मला फक्त पाय नाही दिला, मिशन दिलं. हा सगळा वॉर्ड पाहा. चौदा खाटा. चौदाही जणांना मी माझी साक्ष सांगितली, काहींना दोनदा. समोरचे बाबा आहेत ना, ते पाय दाखवत नव्हते नर्सला. मी म्हणालो, माझा बघा. दाखवला त्यांनी. पलीकडच्या वॉर्डातून लोक येतात आता, साळवेशेठचा पाय कुठला म्हणून विचारत.”

“वा,” फादर म्हणाले.

“नर्सबाई म्हणतात, काका, आवाज जरा कमी करा. पण साक्ष हळू आवाजात कशी द्यायची? आणि हे बघा.” मी मोबाइल पुढे केला. पट्टी बांधलेल्या पायाचा फोटो मी माझ्या नावापुढे लावला होता. “तीनशे बारा लोकांनी पाहिला. मस्कतचा मेहुणा रडला. पौलसचासुद्धा फोन आला, त्याचा आवाज पडला होता... त्याचा पाय इतका घासून कुणी विचारत नाही, आणि माझा...”

फादर संत्रं सोलत होते.

“दुकानात पाटी लावणार आहे. ‘आधी डावा दाखवा.’ मोठ्या अक्षरात. पुढच्या वर्षी बारा जणांऐवजी चोवीस घ्या, सगळे डावे, मी पुढे उभा राहून आधी पाच मिनिटं बोलतो. प्रस्तावना म्हणून. पाच नाही, दहा. लोकांना कळलं पाहिजे फादर, माणूस पाय लपवतो, अहंकाराने लपवतो. मी लपवला. उघड सांगतो आता. माझ्याइतकं उघड सांगणारा टाकळीत दुसरा दाखवा मला.”

पट्टीचा पाय मी दोन उशांवर, दाराच्या दिशेने ठेवला होता. आत येणाऱ्याला आधी तोच दिसावा म्हणून. उजवा चादरीत होता. पाच दिवसांत त्याच्याकडे बघायला मला सवड झाली नव्हती.

फादरांनी संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली. एक स्वतः खाल्ली. पट्टीकडे पाहिलं, उशांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

मग खाटेखालचं स्टूल ओढलं आणि माझ्या पायाशी येऊन बसले. एक गुडघा वर, एक खाली. झग्याच्या बाह्या सरकवल्या.

“छान झालं, शेठ,” ते म्हणाले. “आता उजवा दाखव.”